२४१ किलोंचं प्रेम

शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही बाईकवाल्याला विचारा, "आत्ता कुठे असायला आवडलं असतं?" उत्तर ठरलेलं. लेह, स्पिती, नाहीतर गेलाबाजार गोवा. हेल्मेटच्या आत प्रत्येकाचा एक खासगी हायवे चालू असतो. मोकळा रस्ता, मागे बांधलेली बॅग, समोर डोंगर. हेल्मेटच्या बाहेर मात्र गाडी फर्स्ट गियरमध्ये, एक पाय जमिनीवर आणि नाकासमोर कंपनीच्या बसचा धूर.

आता खरा प्रश्न. आपण नवी गाडी घेतो ती या दोघांतल्या कुणासाठी? हेल्मेटच्या आत डोंगर बघणाऱ्यासाठी, की सिग्नलला पाय टेकवून उभ्या असलेल्यासाठी?

गेले तीन महिने मी याच प्रश्नावर अडकले होते. माझी १५० सीसीची बाईक आता म्हातारी झालीये. कॉलेजात असताना सेकंड हॅण्ड घेतलेली, तिच्यावर मी पहिली नोकरी केली, सोडली आणि फ्रीलान्सिंगही सुरू केलं. आता बदलायला हवी, यावर घरात एकमत. फ्रीलान्सर असल्यामुळे पगार दर महिन्याच्या एक तारखेला येत नाही, कधी दोन महिन्यांचा एकदम येतो, कधी नुसता ईमेल येतो. म्हणजे ही गाडी पुढची सात-आठ वर्षं बदलता येणार नाही, हेही नक्की.

शॉर्टलिस्ट करता करता शेवटी एकाच घरातल्या दोन बहिणी उरल्या. थोरली रॉयल एनफिल्डची सुपर मिटिऑर ६५०, तीही टूरिंगच्या थाटातली, म्हणजे मोठी विंडस्क्रीन आणि मागे टेकायला पाठ असलेली. धाकटी मिटिऑर ३५०. दिसायला दोघी सारख्याच. लांबसडक, खाली बसलेल्या, थेंबासारखी टाकी. पण एकीचं वजन २४१ किलो, दुसरीचं १९१. मधले पन्नास किलो म्हणजे गव्हाचं एक आख्खं पोतं!

टूरिंग, टूरिंग म्हणजे काय हो?

आधी थोडा फंडा क्लिअर करू. जगभरात 'टूरिंग मोटरसायकल' म्हटलं की होंडाच्या गोल्डविंगसारखी गाडी डोळ्यांपुढे येते. १८३३ सीसी, सहा सिलिंडर, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, मागच्या सीटला सोफ्यासारखी पाठ. वजन पावणेचारशे किलोंच्या वर. दिवसाला सहाशे-सातशे किलोमीटर कापायचे, तेही न थकता, यासाठी घडवलेलं जहाज. क्रूझरचा स्वभाव वेगळा. सीट खाली, पाय पुढे, हँडल अंगाकडे आणि चाल निवांत. 'पोचायची घाई नाही' हे ती दिसण्यातूनच सांगते.

आपल्याकडे हे वेड तसं जुनंच. २००१ मध्ये बजाजने कावासाकीच्या साथीने एलिमिनेटर आणली आणि २००५ मध्ये तिच्याच वंशातली अ‍ॅव्हेंजर. तेव्हा कॉलेजात असलेल्या दादा मंडळींना विचारा, पार्किंगमध्ये एक अ‍ॅव्हेंजर उभी असली की बाकीच्या गाड्यांकडे कोण बघायचं नाही. मिटिऑर ३५० आली २०२० च्या नोव्हेंबरात, सुपर मिटिऑर ६५० आली २०२३ च्या जानेवारीत. दुसरीने क्रूझरचं रूप तसंच ठेवलं आणि त्यात लांब पल्ल्याचं इंजिन बसवलं. म्हणून ती आपल्या खिशाला जेमतेम झेपणारी टूरर.

हे सगळं वाचून "मग हिमालयन का नाही?" असा प्रश्न अनेकांच्या ओठावर आला असेल. बरोबर आहे. हिमालयन ४५० चा सस्पेन्शन ट्रॅव्हल पुढेमागे २०० मिलिमीटर, ग्राउंड क्लिअरन्स २३०. खड्डे, दगड, ओढा, काहीही आणा. पण सीटची उंची ८२५ मिलिमीटर आणि माझी उंची पाच फूट तीन इंच. शोरूममध्ये बसले तर एका वेळी एकच पाय टेकत होता, तोही चवड्यावर. शिवाय माझी आणखी एक अट होती. मागे आई बसणार. साडीत. त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

शून्याच्या स्पीडला काय होतं?

टेस्ट राइडला आपण सगळे एकच करतो. गाडी घेतो, मोकळा रस्ता गाठतो, पिळतो आणि खूश होऊन परत येतो. सुपर मिटिऑर पिळल्यावर खूश न होणारा माणूस मला अजून भेटायचाय. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, ४७ पीएस, ५२.३ न्यूटन मीटर टॉर्क. साठवरून ऐंशीवर ती अशी जाते की आपण काही केलंच नाही असं वाटतं. लोण्यातून सुरी. वजन? कुठलं वजन?

ते वजन परतीच्या वाटेवर भेटतं. मी टेस्ट राइडचा दुसरा राउंड मुद्दाम कोथरूडच्या गल्ल्यांत मारला. अरुंद बोळात यू-टर्न, उतारावर ब्रेक लावून उभं राहणं, पार्किंगमधून पायाने मागे ढकलत गाडी काढणं. तिथे २४१ किलोंनी आपली ओळख करून दिली. गंमत म्हणजे सुपर मिटिऑरची सीट फक्त ७४० मिलिमीटरवर आहे, मिटिऑर ३५० ची ७६५ वर. म्हणजे मोठ्या गाडीवर माझे पाय जास्त चांगले टेकत होते. 'पाय पुरतात, म्हणजे गाडी झेपते' हे आपण समजतो ते अर्धंच खरं. पाय पुरल्याने गाडी उभी राहते. ती एकदा कलली की प्रश्न उंचीचा राहत नाही, फक्त किलोंचा राहतो.

दुसरा हिशोब ग्राउंड क्लिअरन्सचा. सुपर मिटिऑर १३५ मिलिमीटर, मिटिऑर १७०. कागदावर हा साडेतीन सेंटिमीटरचा फरक. पण आपल्याकडे सोसायट्यांच्या गेटवर हौसेने बांधलेले जे स्पीडब्रेकर असतात, ज्यांना स्पीडब्रेकर म्हणावं की बंधारा हेच कळत नाही, तिथे मागे दुसरा माणूस बसलेला असताना हे साडेतीन सेंटिमीटर फार मोलाचे.

नाना पेठेत गाड्यांचं काम करणारे एक काका आहेत, माझी म्हातारी गेली कित्येक वर्षं त्यांनीच जिवंत ठेवलीये. त्यांना विचारलं तर ते हात पुसत म्हणाले, "ताई, मोठी गाडी पळताना पडत नाही. उभी असताना पडते." आणि आईने, जिला सीसी म्हणजे काय हे आजही माहीत नाही, अगदी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "एवढं धूड आडवं झालं तर उचलणार कोण? मी?"

तीन महिन्यांच्या रिसर्चमध्ये मला यापेक्षा चांगला प्रश्न कुणी विचारला नाही.

वेगाचे रस्ते आपले नाहीत

मोठी गाडी घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हायवे. ठीक आहे, मग आपले हायवे मोजू या. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे? बाईकला बंदी. समृद्धी महामार्ग, जो जून २०२५ मध्ये नागपूरपासून मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर लांब? बंदी. वांद्रे-वरळी सी लिंक? बंदी. २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू आणि त्याच वर्षीचा मुंबईचा कोस्टल रोड? तिथेही बंदीच. राज्यात खास वेगासाठी म्हणून जे रस्ते बांधले, त्यातल्या बहुतेकांच्या तोंडाशी दुचाकीवर फुली मारलेला बोर्ड आहे. त्यामागे सुरक्षेची कारणं आहेत आणि ती समजण्यासारखी आहेत. पण गाडी घेताना हा बोर्ड आठवायला हवा की नको?

त्यात स्पीड लिमिट. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी हायवेवर मोटरसायकलला कमाल ८० किलोमीटर, शहरात आणि इतर रस्त्यांवर ६०. आता ऐंशीला मिटिऑर ३५० आरामात चालते. शंभरच्या पुढे तिला धाप लागते, मान्य. पण तिथे कायद्याप्रमाणे आपल्याला जायचंच नाहीये.

मग आपल्याला उरतं काय? उरतो तो जुना मुंबई-पुणे हायवे, शिंग्रोबाच्या देवळावरून उतरणारा बोरघाट. उरतो ताम्हिणी, पावसात धबधब्यांनी भिजलेला. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट. आंबोली. कोकणातले ते रस्ते, जिथे वळणावर अचानक म्हैस उभी असते आणि ती हॉर्नला दाद देत नाही. खरं सांगू? महाराष्ट्रात बाईकवर फिरायची सगळी मजा याच रस्त्यांवर आहे. आणि यातला एकही रस्ता ४७ पीएस मागत नाही. ते मागतात चटकन वळणारी, चटकन थांबणारी आणि चिखलात पाय टेकवून सावरता येणारी गाडी.

३५० ची लक्ष्मणरेषा

आता पैशांचं बोलू, कारण ईएमआय आपल्या स्वप्नांना विचारून कापला जात नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची गणितं बदलली. ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तर ३५० च्या वरच्या गाड्यांवर तो थेट ४० टक्के झाला. आधी त्यांच्यावर सेस धरून ३१ टक्के होता. म्हणजे ३४९ सीसीची धाकटी स्वस्त झाली आणि ६४८ सीसीची थोरली महाग. आज एक्स-शोरूम किमतीत एक दोन लाखांच्या आसपास, दुसरी चारच्या आसपास. म्हणजे जवळपास दुप्पट!

रेषा इन्शुरन्समध्येही तिथेच आहे. २०२२ साली ठरलेल्या थर्ड पार्टीच्या दरांत १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये आणि ३५० च्या वर २,८०४. पेट्रोलचं बघा. मिटिऑर साधारण पस्तीसच्या आसपास देते, सुपर मिटिऑर पंचवीसच्या आसपास. वर्षाला दहा हजार किलोमीटर आणि लिटरला शंभर रुपये धरले, तरी फरक अकरा हजार रुपयांच्या वर जातो. वरचे दोन लाख कर्जाने घेतले, दहा टक्के व्याज आणि तीन वर्षं धरली, तर महिन्याला साडेसहा हजारांच्या घरात हप्ता. हा हप्ता गाडीचा नाही, फक्त 'मोठ्या' या शब्दाचा.

साडेसहा हजारात काय काय होतं, याची यादी मी एका रात्री केली. दर महिन्याला एक वीकएण्ड ट्रिप, पेट्रोल, जेवण आणि राहणं धरून. नाहीतर पहिल्या काही महिन्यांत चांगलं हेल्मेट, आर्मर असलेलं जॅकेट, ग्लोव्ह्ज आणि बूट, तेही दोघींचे. चार लाखांच्या गाडीवर हजार रुपयांचं हेल्मेट घालून फिरणारे महाभाग मला रोज दिसतात. गाडी दोन लाखांची आणि गियर उत्तम, हे कॉम्बिनेशन मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

थोरलीची बाजू

पण एकतर्फी लिहिणं बरोबर नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका आयटीवाल्याने सुपर मिटिऑर घेतली आणि तो तिच्यावर जाम खूश आहे. का, तेही ऐका. त्याचं गाव कोल्हापूरकडे. महिन्यातून दोनदा तो बायकोला मागे घेऊन जातो. पुण्याहून साधारण २३० किलोमीटर, तेवढेच परत. चौपदरी रस्ता, सोबत सामान आणि पुढे रांगेने ट्रक. अशा वेळी ऐंशीला इंजिन निवांत असणं, ओव्हरटेकला हात थोडासाच वळवावा लागणं, सहावा गियर असणं, आणि आडव्या वाऱ्यात दीड मीटर व्हीलबेसची जड गाडी हलत नाही, हे सगळं सोनं आहे. मिटिऑरवर दोघं आणि सामान घेऊन पसरणी चढताना तिसऱ्या गियरमध्ये संयम लागतो. २०.२ बीएचपी आणि २७ न्यूटन मीटर, त्यात चमत्कार होत नाहीत. पुढे एसटी असेल तर एसटीच्या मागेच जायचं, खिडकीतल्या पोरांना टाटा करत.

थोडक्यात, जिचे बरेचसे किलोमीटर हायवेवर, दोन माणसांसह, दिवसाला तीनशे-चारशेने होणार आहेत आणि शहरात जायला दुसरं वाहन आहे, तिने थोरली घ्यावी. डोळे मिटून. त्या मित्राकडे ऑफिसला जायला स्कूटर आहे. हे तो फोटोखाली लिहीत नाही, एवढंच!

आणि एक गोष्ट दोघींनाही लागू. क्रूझरमध्ये पाय पुढे असतात, त्यामुळे खड्डा आला की पायांवर उठून झटका झेलता येत नाही. तो सरळ माकडहाडाला भेटतो. सुपर मिटिऑरचा मागचा सस्पेन्शन ट्रॅव्हल १०१ मिलिमीटर, म्हणजे हिमालयनच्या जेमतेम निम्मा. पाठीचं दुखणं असेल तर शोरूमच्या आधी डॉक्टरला भेटा.

वहीतला आरसा

हा गुंता सोडवला तो एका वहीने. तीन महिने मी प्रत्येक दिवसाचं रीडिंग लिहून ठेवलं, कुठे गेले, किती गेले, मागे कोण होतं. एकूण झाले २,४०० किलोमीटर. त्यातले १,५६० शहरात, म्हणजे शंभरातले पासष्ट. एका दिवसात जाऊन आलेल्या ट्रिपचे ५४०. मुक्कामी ट्रिप एकच, ३०० किलोमीटरची. आणि मी स्वतःला 'टूरिंगवाली' समजत होते! त्या १,५६० किलोमीटरमध्ये गाडी किती वेळा थांबली, ढकलली, वळवली, दुसऱ्यांच्या स्कूटरींच्या मधून काढली, याची नोंद वहीत नाही. ती माझ्या मनगटांत आहे.

तुम्हीही हे करून बघा. महिनाभर पुरे. आणि टेस्ट राइडला जाल तेव्हा एवढं नक्की करा:

• ऑफिसला जाताना घालता ते बूट घालून जा. जाड सोलच्या बुटांत सगळ्यांचेच पाय पुरतात.

• गाडी बंद ठेवून ती पायाने दहा फूट मागे घ्या. शक्यतो चढावर.

• अरुंद रस्त्यात यू-टर्न मारा, डावीकडून आणि उजवीकडून.

• ज्या माणसाला मागे बसवणार आहात, त्याला बरोबर न्या. ब्रोशर तुम्ही वाचाल, पण मागची सीट त्यालाच सोसायची आहे.

• क्लच दाबून-सोडून वीस मिनिटं रहदारीत चालवा. पहिली दहा मिनिटं प्रेमाची, पुढची दहा खरी.

मग ठरलं काय?

आईला घेऊन शेवटची शोरूमवारी केली. ती दोन्ही गाड्यांवर बसली, पदर खोचून, अगदी गंभीरपणे. थोरलीवर बसून म्हणाली, "ही छान आहे, राणीसारखी." धाकटीच्या वरच्या व्हेरियंटला मागे पाठ आहे, तिथे टेकून बघितलं आणि म्हणाली, "ही पुरते." मी विचारलं, "पुरते म्हणजे? आवडली का?" तर म्हणाली, "अगं, गणपतीपुळ्याला जायचंय ना? तिथल्या वाळूच्या पार्किंगमध्ये तू एकटीने फिरवशील का ती राणी?"

मी मनातल्या मनात ती वाळू बघितली. चाक रुतलेलं, आई बाजूला पिशव्या घेऊन उभी. १९१ किलो मला हलवता येतील. धापा टाकत, शिव्या घालत, पण येतील. २४१ साठी मला कुणाला तरी हाक मारावी लागेल. आणि बाईक घ्यायचं माझं पहिलं कारण हेच होतं की कुठेही जाताना कुणाला हाक मारावी लागू नये.

मिटिऑर ३५० बुक केलीये. थोरलीचं प्रेम संपलेलं नाही. सिग्नलला शेजारी येऊन उभी राहिली की मान वळतेच. वळू दे. रंगाचं तेवढं अजून अडलंय. मला काळा हवाय, आई म्हणते काळा नको, रात्री दिसत नाही. आत्तापर्यंतचा अनुभव बघता यातही तिचंच बरोबर निघणार, असं वाटतंय.